जुन्या बटरफ्लाय रेझरची गुंडी अडकणे आणि एका बाजूने गाल कापणे : तपासणीचा क्रम

मुठीच्या टोकाची गुंडी फिरवली की डोक्यावरच्या दोन झडपा उघडणारा जुना सेफ्टी रेझर घरच्या कपाटातून किंवा भंगाराच्या ढिगातून हाती येतो. त्यात नवे ब्लेड घालून दाढी सुरू होते आणि थोड्याच दिवसांत एक ठरलेली तक्रार येते : गुंडी अडकत फिरते, झडपा नीट मिटत नाहीत आणि रेझरच्या एका बाजूने गाल गुळगुळीत होत असताना दुसऱ्या बाजूने ओरखडे उठतात. नागपुरात असे रेझर जमवताना आणि ओळखीच्यांचे रेझर दुरुस्त करून देताना हा एकच दोष मी इतक्या वेळा पाहिला आहे की त्याच्या तपासणीचा एक पक्का क्रम आता हाताला बसला आहे. माझ्याकडे आलेल्या अशा रेझरांपैकी बहुतेकांत काहीही मोडलेले नव्हते. आत साबण, पाण्यातले क्षार आणि वाळलेले तेल यांचा एकजीव थर बसलेला होता. तो थर काढण्याआधी पक्कड लावली गेली, तर मात्र जे शाबूत असते ते खरोखर मोडते, आणि असे मोडलेले रेझरही माझ्याकडे बरेच आले आहेत.

लक्षणे

खालीलपैकी एक किंवा अनेक लक्षणे दिसत असतील तर पुढचा क्रम आपल्यासाठी आहे.

– गुंडी आधी सैल फिरते, मध्येच घट्ट होते आणि आत वाळू असल्यासारखी करकरते.
– झडपा मिटल्यावर रेझर उजेडासमोर धरला असता एका झडपेच्या कडेखालून प्रकाशाची बारीक रेघ दिसते.
– ब्लेडची धार एका बाजूला जास्त बाहेर दिसते, किंवा एकाच बाजूच्या एका टोकाला जास्त आणि दुसऱ्या टोकाला कमी दिसते.
– गुंडी पूर्ण आवळूनही ब्लेडचे टोक बोटाने हलवता येते आणि दाढी करताना ब्लेड थरथरल्याचा आवाज येतो.
– रेझर धुतल्यावर काही दिवस ठीक चालतो आणि तोच त्रास पुन्हा सुरू होतो.
– उन्हाळ्यात ठीक असलेली गुंडी डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी फिरतच नाही.

एक लक्षण मात्र वेगळे ठेवावे. गुंडी दोन्ही दिशांना मोकळी फिरते, पण झडपा जागच्या हलत नाहीत, असे असेल तर आतली दांडी तुटलेली आहे किंवा तिचे आटे झिजलेले आहेत. खालचा कोणताही उपाय त्यावर चालत नाही. तो रेझर बाजूला ठेवून थेट शेवटच्या भागाकडे जावे.

आत नेमके काय असते

जिलेटने या रचनेचा पहिला रेझर १९३४ साली आणला. १९४७ पासूनचा सुपर स्पीड, इंग्लंडमध्ये बनलेला रॉकेट आणि आपल्याकडे मिळणारे अनेक साधे बटरफ्लाय रेझर याच तत्त्वावर चालतात. मुठीच्या पोकळीत एक दांडी असते आणि गुंडीच्या आट्यांमुळे ती वर-खाली सरकते. दांडी वर गेली की झडपा उघडतात आणि खाली ओढली गेली की मिटतात. गुंडीच्या अगदी शेवटच्या फिरकीत झडपा ब्लेडला दाबून त्याला किंचित बाक देतात. हा बाक दोन्ही बाजूंना सारखा आला तरच धार स्थिर राहते.

आता मापे लक्षात घ्यावीत. दुधारी ब्लेडची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते आणि रुंदी सुमारे २२ मिलिमीटर. इतक्या पातळ पात्याच्या एका अंगाखाली साबणाचा सुकलेला पापुद्रा अडकला, तर तो पापुद्रा ब्लेडच्या जाडीइतकाच असतो आणि धार तेवढीच वर उचलली जाते. डोळ्यांना तो मळ क्षुल्लक वाटतो, पण गालाला तो लगेच जाणवतो. सफाईचा सगळा खटाटोप एवढ्यासाठीच आहे.

मळ येतो कुठून, याचे उत्तर नागपूरकरांना शोधायला लांब जावे लागत नाही. उन्हाळा संपताना कूलरच्या ताट्यांवर आणि जाळीवर जो पांढरा टणक थर साचतो, तोच थर रेझरच्या आत साचत असतो. पेंच धरण आणि कन्हान नदीवरून नळाला येणाऱ्या पाण्यापेक्षा बोअरवेलच्या पाण्यावर चालणाऱ्या घरांतले रेझर माझ्याकडे जास्त लवकर परत येतात. बेसा-हुडकेश्वरकडच्या एका घरातला रेझर तर दर दोन महिन्यांनी येत असे. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणातल्या स्टिअरिक आम्लाशी जोडले जाऊन पाण्यात न विरघळणारा चिकट साका तयार होतो. दाढीच्या साबणात हे आम्ल अंगाच्या साबणापेक्षा बहुधा जास्त असते, कारण घट्ट आणि टिकाऊ फेस त्याच्यामुळेच येतो. फेस जितका चांगला तितका जड पाण्यात साका जास्त, अशी ही अडचण आहे.

सुरुवात करण्यापूर्वी

रेझर दुसऱ्याच्या वापरातला असेल तर तपासणीसुद्धा निर्जंतुक केल्याशिवाय करू नये. हिपॅटायटिस-बी चा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस तग धरू शकतो आणि जुन्या रेझरच्या सांध्यांत रक्ताचे अंश असणे अगदी स्वाभाविक आहे. प्रथम आत अडकलेले जुने ब्लेड चिमट्याने काढावे आणि ते उघड्या कचऱ्यात न टाकता झाकणाच्या डब्यात टाकावे. मग रेझर साबणाच्या पाण्याने धुऊन, औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवावा. आधी धुणे आवश्यक आहे, कारण मळाच्या थराखाली अल्कोहोल पोहोचत नाही. घरातले ब्लीच वापरू नये. ते निकेलच्या मुलाम्यावर आणि खालच्या पितळावर डाग पाडते.

पहिली तपासणी : ब्लेड

सर्वांत स्वस्त संशयित ब्लेड आहे, म्हणून त्याची झडती आधी. आपल्याकडे दुधारी ब्लेड आजही कोणत्याही किराणा दुकानात मिळते आणि सेव्हन ओ’क्लॉक, टोपाझ अशा दोन वेगवेगळ्या जातींचे एकेक पाकीट आणायला फारसा खर्च येत नाही. काही ब्लेडे कागदाला चिकटून राहावीत म्हणून त्यांच्यावर मेणाचे ठिपके दिलेले असतात. ठिपका पात्यावरच राहिला तर झडप तेवढी वर राहते. ब्लेड दोन्ही टोकांना धरून मेण ओल्या फडक्याने पुसावे, पण पुसताना धारेच्या दिशेने हात नेऊ नये.

आता या दोषातली सर्वांत उपयोगी चाचणी करावी. ब्लेडच्या एका बाजूला, धारेपासून दूर, मार्कर पेनने एक ठिपका द्यावा. ब्लेड बसवून झडपा मिटाव्यात आणि कोणत्या बाजूला धार जास्त बाहेर आहे ते पाहावे. नंतर रेझर तसाच ठेवून ब्लेड काढावे, अर्धे फिरवून पुन्हा बसवावे. जास्त बाहेर आलेली बाजू ठिपक्याबरोबर फिरली, तर दोष ब्लेडचा आहे. ती रेझरच्या त्याच बाजूला राहिली, तर दोष रेझरचा आहे. दोन मिनिटांच्या या चाचणीमुळे पुढचे तासभराचे काम कित्येकदा वाचते, आणि ही चाचणी न करता रेझर उकळायला ठेवणारे लोक पाहिले की मला खरोखर वाईट वाटते.

दुसरी तपासणी : मिटवण्याची पद्धत

गुंडी दोन बोटांच्या जोरानेच आवळावी. झडपा टेकल्यानंतर थोडीशी फिरकी उरते, तेवढीच द्यावी. मूठभर जोर लावला तर मधली पट्टी आणि झडपांची टोके हळूहळू वाकतात, आणि हे वाकणे वर्षानुवर्षे साचत गेलेले असते. दाढी झाल्यावर गुंडी किंचित सैल करून ठेवण्याची सवय चांगली आहे.

१ ते ९ आकड्यांचा, धार कमी-जास्त करता येणारा रेझर असेल तर आकडा बदलण्यापूर्वी गुंडी अर्धा फेरा सैल करावी. हे रेझर १९५८ च्या अखेरीपासून बनू लागले आणि त्यांचा सडपातळ अवतार १९६१ मध्ये आला. आवळलेल्या स्थितीत आकडा फिरवल्याने आतले भाग एकमेकांवर घासतात आणि काही वर्षांनी ५ वर ठेवलेला रेझर ७ सारखा कापू लागतो. आपल्या रेझरचे वय पाहायचे असेल तर डोक्याच्या खालच्या बाजूला एक अक्षर आणि एक अंक शोधावा. अमेरिकी बनावटीच्या त्या काळातल्या जिलेटवर अक्षर वर्षाचे आणि अंक तिमाहीचा असतो. ‘एफ ४’ म्हणजे १९६० ची शेवटची तिमाही. वयाचा इथे उपयोग इतकाच की या आकडेवाल्या रेझरांवर पुढचे उपाय फार जपून करायचे आहेत.

टोपी, जाळी आणि मूठ असे तीन सुटे भाग असलेला रेझर असेल तर काम सोपे आहे. डोके उलटे धरून ब्लेड टोपीत बसवावे, ब्लेडच्या दोन्ही टोकांना बोटांनी सारखे धरून मूठ आवळावी. भाग सुटे होत असल्याने सफाईही लगेच होते. त्यातले तिरके बसणे बहुतेक वेळा इथेच संपते.

तिसरी तपासणी : उजेडासमोर पाहणे

ब्लेड न घालता झडपा मिटाव्यात आणि रेझर खिडकीच्या उजेडासमोर धरावा. ब्लेड नसतानाही एका झडपेखाली जास्त फट दिसत असेल तर झडप वाकलेली आहे किंवा तिच्या बिजागरीत मळ आहे. या दोहोंत फरक करण्यासाठी झडप उघडी ठेवून ती बोटाने अलगद हलवावी. मळ असेल तर ती चिकटल्यासारखी सावकाश हलते. वाकलेली असेल तर ती मोकळी हलते, पण एकाच ठिकाणी अडते. ही नोंद लिहून ठेवावी. सफाईनंतर फट तेवढीच राहिली की कमी झाली, हे आठवणीवर सोडण्यासारखे नाही.

चौथी पायरी : कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण

हात सहज घालवेल इतक्या गरम पाण्यात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे काही थेंब टाकून रेझर झडपा उघड्या ठेवून अर्धा तास बुडवावा. मग जुन्या, मऊ टूथब्रशने झडपांची आतली बाजू, मधली पट्टी, टोकांच्या बिजागऱ्या आणि गुंडी-मुठीच्या मधली खाच घासावी. पाण्यात असतानाच गुंडी पुढे-मागे फिरवावी. पुढे जात नसेल तर जितकी फिरते तितकीच फिरवावी आणि परत आणावी. अशा वीस-तीस फेऱ्यांत खाचेतून करडा मळ बाहेर पडू लागला की आपण योग्य वाटेवर आहोत असे समजावे.

पाणी उकळते घेऊ नये. जुन्या मुलाम्याला आधीच बारीक भेगा असतात आणि उकळत्या पाण्यात काही ठिकाणी तो फुगून सुटतो. आकड्यांच्या रेझरवर आकड्यांतला रंगही जातो.

इथे एक घरगुती मोह आवरायला सांगतो. पितळेची भांडी कळकली की आपण चिंच लावतो किंवा पितळ घासण्याची पूड वापरतो, आणि रेझर पिवळा दिसला की हात तिकडेच वळतो. पण रेझरवर सोन्याचा किंवा निकेलचा अतिशय पातळ मुलामा असतो. पुडीने तो घासून निघतो आणि खाली राहते ते उघडे पितळ, जे पुढे रोजच्या ओल्या वापरात कळकतच राहते. अतिशय सुंदर सोनेरी रेझर या एका पायरीवर कायमचे बिघडलेले मी पाहिले आहेत.

पाचवी पायरी : आम्लाचे पाणी, मोजक्या वेळेसाठी

साबणाने साका पूर्ण जात नाही, कारण तो साका स्वतःच साबणाचा कॅल्शियमशी झालेला संयोग आहे. त्याला मोडायला सौम्य आम्ल लागते. पण त्याआधी रेझर कोणत्या धातूचा आहे हे पाहावे. मुलामा उडालेल्या जागी पिवळे दिसत असेल तर पितळ आहे आणि ही पायरी करता येते. तिथे निस्तेज करडे दिसत असेल, विशेषतः डोक्याच्या खालच्या बाजूला, तर तो जस्ताचा मिश्रधातू असण्याची शक्यता आहे. त्याला आम्ल लागले की बुडबुडे येऊन खड्डे पडतात. करड्या धातूच्या रेझरवर ही पायरी पूर्ण वगळावी. सोनेरी मुलाम्यावरही ती टाळावी, कारण मुलाम्याच्या सूक्ष्म छिद्रांतून आम्ल खालच्या पितळापर्यंत पोहोचते.

निकेलचा मुलामा शाबूत असलेल्या पितळी रेझरसाठी एक भाग पांढरे व्हिनेगर आणि एक भाग पाणी घ्यावे, किंवा पेलाभर पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व विरघळवावे. वेळ पाच मिनिटे, आणि घड्याळ लावूनच. त्या वेळात गुंडी सतत फिरवत राहावी. रात्रभर बुडवून ठेवण्याचा सल्ला अनेक जण देतात; तो मला मान्य नाही, कारण क्षार पाच-दहा मिनिटांत सुटतो आणि त्यानंतर आम्ल जे काही खाते ते रेझरचेच असते. मळ उरला तर स्वच्छ धुऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच मिनिटे द्यावीत.

पुढची कृती बहुतेक लोक विसरतात आणि म्हणूनच त्यांचा रेझर आठवड्यात पुन्हा अडकतो. आम्लाने कॅल्शियम सुटते, पण त्याच्याशी बांधलेले स्टिअरिक आम्ल मागे राहते. ते मेणासारखे असते, पाण्यात विरघळत नाही आणि सुमारे ६९ अंशांच्या खाली वितळतही नाही. आम्लाच्या पायरीनंतर रेझर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात हलवून धुवावा आणि मग चौथी पायरी पुन्हा एकदा पूर्ण करावी. शेवटी थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल खाचेत सोडले तर उरलेले मेण आणि पाणी दोन्ही निघून जाते. साबण, आम्ल, सोडा, पुन्हा साबण, अल्कोहोल असा क्रम ठेवावा. त्यातली एक पायरी गाळली की अर्धे काम वाया जाते.

शेवटच्या धुण्यासाठी घरातल्या आरओचे पिण्याचे पाणी पेलाभर वापरले तर उत्तम. मात्र आरओच्या नळीतून बाहेर पडणारे पाणी बादलीत साठवून धुण्यासाठी वापरण्याची पद्धत आपल्याकडे बऱ्याच घरांत आहे, आणि ती फरशीसाठी योग्यच आहे; पण त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. रेझर त्या बादलीतून धुतला जात असेल तर दोष परत येण्याचे कारण तेच आहे.

सहावी पायरी : तेल, पण योग्य तेल

अजनीकडचे एक निवृत्त काका दर डिसेंबरात त्यांचा रॉकेट घेऊन येत. गुंडी दगडासारखी घट्ट झालेली असे आणि त्यांचे म्हणणे ठरलेले : “तेल तर मी न चुकता देतो.” पहिल्या वर्षी मी रेझर साफ करून दिला आणि मार्चपर्यंत सर्व ठीक चालले, पुढच्या हिवाळ्यात तेच झाले. तेव्हा कोणते तेल देता, असे विचारल्यावर उलगडा झाला. ते खोबरेल तेल देत होते. खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठू लागते आणि नागपुरात हिवाळ्यातल्या कित्येक पहाटा १० अंशांच्या आसपास असतात. गुंडीच्या आट्यांत ते तेल गोठून बसत होते, आणि काका रोज जोर लावून ते फोडत होते. तेल बदलल्यापासून तो रेझर माझ्याकडे दुरुस्तीला आलेला नाही.

घरात सहज हाताशी असते म्हणून फल्ली (शेंगदाणा) तेल किंवा जवसाचे तेल देणाऱ्यांचीही संख्या मोठी आहे. जवसाचे तेल हवेत वाळून वार्निशासारखा थर धरते. त्याचा तो गुणच आहे. फल्ली तेल सावकाश चिकट होते. एखादा रेझर पिवळसर तपकिरी थराने जाम असेल तर तो क्षार नसून असे वाळलेले तेल आहे असे समजावे, आणि तिथे आम्ल न वापरता अल्कोहोल आणि गरम साबणपाणी यांच्या दोन-तीन आवृत्त्या कराव्यात.

रेझर पूर्ण कोरडा झाल्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब गुंडी आणि मुठीच्या खाचेत, आणि सुईच्या टोकाने एकेक सूक्ष्म थेंब चारही बिजागऱ्यांत द्यावा. झडपा दहा-बारा वेळा उघडून मिटाव्यात, जास्तीचे तेल फडक्याने टिपावे. गुंडी अजिबात हलत नसेल तर डब्ल्यूडी-४० सारखे झिरपणारे द्रव खाचेत सोडून रेझर उलटा करून रात्रभर ठेवता येतो, पण त्याला तेल समजू नये; त्यातला पातळ भाग उडून जातो. दुसऱ्या दिवशी ते धुऊन काढून शिलाई मशीनचे तेल द्यावेच लागते. दाढी करण्यापूर्वी रेझर साबणाने धुवावा, म्हणजे तेलाचा अंश त्वचेला लागत नाही.

पकड हवी असेल तर गुंडीवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून हातानेच फिरवावी. पक्कड, पान्हा किंवा बाकशिकंजा यांपैकी काहीही नको. सुरुवातीच्या काळात मी एका इंग्लिश रेझरची गुंडी पकडीने फिरवली, तेव्हा गुंडीवरची नक्षी तर चिरडलीच, पण आतली पोकळ नळीही पिळली गेली. तो रेझर आजही माझ्याकडे आहे आणि त्याचा उपयोग फक्त दाखवण्यापुरता उरला आहे.

सातवी पायरी : वाकलेली झडप

इथपर्यंत येऊनही उजेडाची रेघ तशीच राहिली असेल तर झडप वाकलेली आहे. रेझर साधा असेल, झडप पितळेची असेल आणि बाक एकाच टोकाला असेल, तरच हे काम घरी करावे. झडपा अर्ध्या उघडाव्यात, आतल्या बाजूला आइस्क्रीमची लाकडी काडी ठेवावी आणि बाहेरून अंगठ्याने अगदी हलका दाब द्यावा. दाब सोडावा, झडप मिटावी, उजेडासमोर पाहावे. असे पाच-सहा वेळा, प्रत्येक वेळी नोंद घेऊन. एकाच वेळी पूर्ण सरळ करण्याचा प्रयत्न करू नये. ओढून-ताणून बनवलेले जुने पितळ आधीच कडक झालेले असते आणि बिजागरीच्या कोपऱ्यात ते न वाकता चिरते. तीन दिवस थोडे-थोडे काम करून सरळ केलेली झडप मला एका बैठकीत सरळ केलेल्या झडपेपेक्षा नेहमी जास्त भरवशाची वाटली आहे.

सरळ झाल्यावर ठिपक्याची चाचणी पुन्हा करावी. दोन्ही बाजूंना धार सारखी दिसली की नवे ब्लेड घालून आधी फक्त एका गालावर, हलक्या हाताने दाढी करावी आणि तुरटी फिरवून पाहावी. तुरटी कुठे झोंबते यावरून धार कुठे जास्त लागली हे आरशापेक्षा लवकर समजते.

इथे थांबावे

गुंडी मोकळी फिरते पण झडपा हलत नाहीत. बिजागरीचा खिळा किंवा कान तुटलेला आहे. जुन्या पोकळ नळीच्या मुठीला उभी चीर गेली आहे. ब्लेडखालच्या जाळीचा दात मोडला किंवा वाकला आहे. आकड्यांच्या रेझरचा आकडा फिरतो पण धार बदलत नाही. या पाचही प्रकारांत घरी पुढे जाऊ नये. आकड्यांचा रेझर घरी उघडणे तर मुळीच नको. त्याचे भाग कारखान्यात दाबून आणि घडी घालून बसवलेले असतात. ते उघडायला आणि पुन्हा त्याच दाबाने बसवायला हत्यारे आणि अनुभव दोन्ही लागतात.

तुटलेला कान डाग देऊन जोडण्याचे काम इतवारीच्या सराफ्यातले बारीक काम करणारे कारागीर करू शकतात, आणि बिजागरीचा सूक्ष्म खिळा घड्याळ दुरुस्त करणारा नीट बसवू शकतो. काम देण्यापूर्वी दोन गोष्टी स्पष्ट बोलून घ्याव्यात. डाग देताना त्या जागेचा मुलामा जळणार आहे, हे दोघांनाही माहीत असावे. आणि बफिंग करायचे नाही, हे आधीच सांगावे. मी एकदा शहरातल्या मुलामा करणाऱ्या एका दुकानात सुपर स्पीड दिला होता. तो लखलखीत होऊन आला, पण डोक्याखालचे अक्षर आणि अंक घासून गेले होते आणि आट्यांत नवा मुलामा भरल्याने गुंडी पहिल्यापेक्षा घट्ट झाली होती. पुन्हा मुलामा द्यायचाच असेल तर आट्यांवर आणि बिजागऱ्यांवर मुलामा चढू न देण्याची काळजी कशी घेणार, हे विचारावे. समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर रेझर परत आणावा. मुलामा उडालेला रेझरही वाळवून ठेवला तर उत्तम दाढी करतो.

रेझरऐवजी त्वचेकडे पाहून थांबण्याचीही वेळ येते. जखम स्वच्छ फडक्याने दाबून धरल्यावर १५ मिनिटांतही रक्त थांबत नसेल, किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना खोल कापले असेल, तर दवाखान्यात जावे. गंजलेल्या जुन्या ब्लेडने कापले असेल आणि धनुर्वाताची लस केव्हा घेतली हे आठवत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. रेझर दुरुस्त होऊन दोन्ही बाजूंना सारखा लागत असतानाही दाढीच्या जागी पू असलेले फोड येत राहिले तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे आणि ते बरे होईपर्यंत तो रेझर वापरू नये.

दुरुस्त झालेला रेझर रोज दाढीनंतर झडपा उघडून धुवावा, झटकून फडक्यावर उघडाच ठेवावा आणि कोरडा झाल्यावर मिटावा. नळाच्या पाण्यावर महिन्यातून एकदा चौथी पायरी आणि तेलाचा थेंब पुरतो. बोअरवेलच्या पाण्यावर हेच दर पंधरा दिवसांनी करावे लागते. बेसा-हुडकेश्वरकडचा तो रेझर आता असाच सांभाळला जातो, आणि दोन महिन्यांनी होणारी त्याची फेरी बंद झाली आहे.